घरी फ्रीज आहे

गोदा गेल्याचं मला कळलं, तेव्हा माझं डोकं एका जुन्या फ्रीजमध्ये होतं.

बार्शीच्या बाजारात मागच्या अंगाला जुन्या सामानाची दुकानं आहेत, तिथं मी उभा होतो. मी विचारलं होतं, याला वास तर नाही ना. दुकानदार म्हणाला, काका, घरगुती पीस आहे, कसला वास. म्हणून मी दार उघडून डोकं आत घातलं आणि दोनदा जोरात नाक ओढलं. काही कळलं नाही. कळणारच नव्हतं, मला वास येत नाही. पण आलोय तर नीट बघावं म्हणून आणखी एकदा ओढलं. दुकानदार बाहेर पायरीवर उभा राहून माझ्याकडं जरा आश्चर्यानं बघत होता. त्याचं कारण मला पुढं कळलं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. मी डोकं बाहेर न काढताच उचलला.

फोन वैजूचा होता, आमच्या मुलीचा. ती दवाखान्यात आईपाशी बसली होती.

"अण्णा, आई गेली," ती म्हणाली.

मला वाटलं, दुसऱ्या खोलीत हलवली. मी विचारलं, कुठं गेली. पलीकडून काही आलं नाही. फ्रीजमध्ये आवाज घुमतो, त्यामुळं नीट ऐकू आलं नसेल असं समजून मी डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं. मग तिला ते पुन्हा सांगावं लागलं.

दुकानदाराला वाटलं, मला फ्रीज पटला नाही. तो म्हणाला, स्टँड फुकट देतो. मी काहीच बोललो नाही, तेव्हा म्हणाला, टेम्पोही आपलाच, घरपोच. मी त्याच्या हातात पैसे ठेवले, पत्ता सांगितला आणि निघालो. नको म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गोदानं आणायला सांगितला होता, एवढंच डोक्यात होतं.

त्याचं असं झालं होतं. गोदाच्या पायाला जखम झाली होती आणि साखर वाढली होती. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. आदल्या दिवशी ते म्हणाले, मावशी, आता उतार आहे, लवकरच घरी सोडू, पण यापुढं इन्शुलिन घ्यावं लागेल आणि ते थंड ठेवावं लागतं. घरी फ्रीज आहे ना?

मी नाही म्हणणार, तेवढ्यात गोदा म्हणाली, "आहे की."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. मी तिच्याकडं बघत राहिलो. आमच्या घरात फ्रीज कधीच नव्हता. पाण्याला माठ होता, दूध दोन वेळा तापवायचं, भाजी लागेल तशी आणायची. तिनं कधी मागितला नाही आणि मी कधी विचारलं नाही.

"आहे म्हणून सांगून बसलेय मी," ती म्हणाली. "आता आणा. जुना चालंल. पण वास नको."

मग आपण हे कुणाला सांगतोय ते तिच्या लक्षात आलं. म्हणाली, कुणाला तरी बरोबर न्या, तुम्हाला कळायचं नाही. मी बरं म्हणालो. सकाळी निघालो तेव्हा ती झोपली होती. वैजू तिच्यापाशी होती, जावई कामावर गेले होते, म्हणून मी एकटाच बाजारात गेलो.

माझ्या नाकाचं सांगायला हवं. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होतो, टाकीवर. व्हॉल्व्ह सोडायचा, बंद करायचा आणि पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर कालवून टाकायची. ती बादलीत कालवताना नाकातोंडात जाते. तोंडाला उपरणं बांधायचं असतं. मी बांधायचो, उन्हाळा सोडून. वास कधी गेला ते मला कळलं नाही, गोदाला कळलं. एकदा मी स्टोव्हशेजारी बसून पेपर वाचत होतो आणि माझ्या मांडीजवळ दूध आटून, करपून, पातेलं काळं पडलं. ती अंगणातून धावत आली. दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली आणि विचारलं, काय आहे.

मी म्हणालो, डबी.

तेव्हापासून घरातले वास तिच्याकडं गेले. दूध नासलंय का, सदरा धुवायला टाकायचा का, गॅस चालू राहिलाय का, सगळं तीच बघायची. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. घरात एक नाक होतं आणि ते दोघांना पुरत होतं.

गोदाला दिवस मावळायच्या आत घरी आणलं. आमच्या आधी टेम्पो पोहोचला होता. गल्लीतली माणसं दाराशी जमली होती. टेम्पोवाला म्हणाला, फ्रीज आणलाय, कुठं ठेवू. जमलेल्यांना वाटलं, लांबचे पाहुणे यायचे असतील म्हणून मी मयत ठेवायची बर्फाची पेटी मागवली. चौघांनी हातोहात उतरवून घेतला. ओसरीत आणल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही पेटी उभी आहे. शेजारचे बुडुख गुरुजी म्हणाले, आता आणलीय तर राहू द्या. तसा तो राहिला.

पुढं लोक भेटायला येऊ लागले. सतरंजी ओसरीतच टाकली होती, फ्रीजला लागून. बायका आत आल्या की पदर तोंडाला लावायच्या. पुरुष बसायच्या आधीच रुमाल काढायचे. मी भिंतीला टेकून बसलेलो असायचो आणि सगळ्यांकडं बघायचो. मला त्याचा फार आधार वाटला. गोदाचं इतक्या लोकांना इतकं वाटत असेल, याची मला कल्पना नव्हती. पालिकेतले एक साहेब आले. त्यांनी गोदाला कधी पाहिलंही नव्हतं, पण त्यांचे डोळे भरून आले. रुमाल तोंडावर दाबून ते थोडा वेळ बसले, बोलता येईना तसे हात जोडून उठले आणि जवळजवळ पळतच गेले. मी वैजूला म्हणालो, साहेब मनानं फार हळवे आहेत.

वैजूनं आणखी चार उदबत्त्या लावल्या. कुणीतरी धूप आणून घातला. मला वाटलं, रीत असेल.

फ्रीज कुणी उघडला नाही. सुतकात आलेली नवी वस्तू कशी वापरायची म्हणून त्याला सगळ्यांनी भिंतीसारखं धरलं. त्याला टेकून मात्र कुणी बसत नव्हतं. तेवढं माझ्या लक्षात आलं होतं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरतायत तोवर त्यानं चोच मारली. सगळे म्हणाले, बाईची कसलीच इच्छा मागं राहिली नव्हती. तिची एक इच्छा घरी ओसरीत उभी होती, पण कावळ्याला ते कुणी सांगितलं नसावं.

रतन त्याच दिवशी आली. रतन म्हणजे गोदाची धाकटी बहीण, उदगीरला दिलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळं तिला आधी येता आलं नव्हतं. ती काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. सगळ्या बायका सावरून बसल्या, कारण आता ती हंबरडा फोडणार आणि तिला धरावं लागणार. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फ्रीजकडं.

"दाजी," ती म्हणाली, "ह्याच्यात काय मेलंय?"

एकेक पदर, एकेक रुमाल खाली आला. मी पाहिलं, बऱ्याच जणांचे डोळे कोरडे होते.

रतननं काठीनं फ्रीजचं दार उघडलं, तशी अर्धी माणसं अंगणात गेली. खाली काही नव्हतं. वर बर्फाच्या कप्प्याचं झाकण अडकून बसलं होतं. तिनं ते उपटलं. आत मागच्या बाजूला एक पिशवी चिकटलेली होती. एक जण म्हणाला बोंबील असावेत, दुसरा म्हणाला मटण. आमच्या आळीत दोन्ही शिजत नाहीत, त्यामुळं खात्रीनं कुणालाच सांगता येईना. रतननं ती पिशवी फावड्यावर घेतली आणि घरामागच्या परड्यात पुरली. मग तिनं अंघोळ केली, गोदाच्या फोटोपुढं बसली आणि बहिणीसाठी रडली. पदर तिच्या मांडीवर होता. तिनं तो एकदाही तोंडाला लावला नाही.

संध्याकाळी मी वैजूला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणत होतात, लोकांना आईचं किती वाईट वाटतंय. मी काय सांगणार होते, अण्णा?"

तेरावा झाल्यावर तिनं दुकानदाराला फोन केला. तो लगेच परत घ्यायला तयार झाला, एका शब्दानं भांडला नाही. वैजू म्हणाली, चला, हे एक बरं झालं, उद्या टेम्पो येईल. मी म्हणालो, नको, राहू दे. तिनं मला समजावलं. आई नाही, इंजेक्शन नाही, तुम्हाला एकट्याला पाव लिटर दूध लागतं, त्याला फ्रीज कशाला. आणि हा असला.

"तुझ्या आईनं डॉक्टरांना सांगितलंय, घरी फ्रीज आहे म्हणून," मी म्हणालो.

"ते डॉक्टर आता बघायला येणार आहेत का?"

डॉक्टरांचा प्रश्न नव्हता. गोदा खोटं बोलल्याचं मला उभ्या जन्मात आठवत नाही. एकदाच बोलली, आणि तेही माझ्या भरवशावर. ते खरं करून द्यायचं माझ्याकडं होतं. जुना चालेल, पण वास नको, इतकं साधं काम होतं. पण मुलीसमोर एवढं बोलणं मला जमलं नाही. मी म्हणालो, वास गेला की वापरू. ती म्हणाली, अण्णा, वास गेला हे तुम्हाला कळणार कसं?

त्याचा मी विचार केला नव्हता.

सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी फ्रीज अंगणात ओढला आणि पहिल्यांदा टीसीएल कालवली. हात सवयीच्या वस्तूकडं जातो. गावाच्या पाण्यातले जंतू मरतात, तिथं बोंबलाची काय कथा, असा माझा हिशेब. आतून बाहेरून धुतला. समोरच्या मालनबाई खोकत बाहेर आल्या आणि घर बंद करून लेकीकडं निघून गेल्या. बुडुख गुरुजींना मी वास घ्यायला बोलावलं. ते म्हणाले, आता टाकीवर उभा राहिल्यासारखं वाटतंय. मी विचारलं, आणि त्याच्या खाली? ते म्हणाले, त्याच्या खाली मला जाता येत नाही.

मग मी तो सगळा सोडवला. कप्पे, जाळ्या, भाजीचा खण, सगळं काढून उन्हात मांडलं. दाराचं रबर खाचेतून ओढून काढलं, त्याच्या घड्यांत काळं साचलं होतं, ते दात घासायच्या ब्रशानं खरवडलं. तरी माझं समाधान होईना. बर्फ वितळतो तर त्याचं पाणी कुठंतरी जात असणार, असं वाटून मी फ्रीज पाठमोरा वळवला. मागं खाली एक लहानसा ट्रे निघाला. त्यात जे होतं ते पाणी नव्हतं. ते मी परड्यात पिशवीशेजारीच पुरलं.

त्यानंतर गल्लीनं उपाय सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं खायचा सोडा, कुणी लिंबाच्या फोडी, कुणी कोळसा, कुणी कॉफी. कुणी म्हणालं, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, कागद वास पितो. मी सगळं केलं. कॉफी आमच्या घरी कुणी पीत नाही, ती मुद्दाम आणली. रोज फ्रीज उन्हात उघडा ठेवायचो, सूर्य फिरेल तसं तोंड फिरवायचो.

काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते झालं की नाही हे कळणं. रोज सकाळी गुरुजी यायचे, आत डोकं घालायचे आणि म्हणायचे, छान. इतक्या लवकर म्हणायचे की मला शंका आली. मी त्यांच्या छातीकडं बघायला लागलो. ती हलत नव्हती. डोकं आत घालायच्या आधी ते श्वास भरून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर सोडायचे. मालनबाई परत आल्या होत्या. त्या फाटकाबाहेरूनच म्हणायच्या, आता काही नाही हो भाऊ. मी एकदा दुधाचं पातेलं उघडंच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी त्याचा चहा गुरुजींना दिला. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, चांगला झालाय म्हणाले. नंतर मालनबाईंकडून कळलं की घरी जाऊन ते बराच वेळ नळावर चुळा भरत होते.

माणसं चांगली होती. नुकती बायको गेलेल्या माणसाला, तुझ्या फ्रीजला घाण येते, असं तोंडावर सांगणार कोण? मला त्यांचा राग आला नाही. पण या कामात त्यांचा मला उपयोग नव्हता.

खरं सांगणारं एक मांजर होतं, पिवळं, कुणाचंच नसलेलं. मी फ्रीजचं दार उघडलं की ते कुठूनही यायचं, आत चढायचं, बर्फाच्या कप्प्याखालचा कोपरा चाटायचं आणि माझ्याकडं बघून ओरडायचं. त्याला माझं दुःख माहीत नव्हतं. मी ठरवलं, हे यायचं थांबलं की काम झालं. सोड्यानं ते थांबलं नाही. लिंबानं एक दिवस नाक मुरडलं, पुन्हा आलं. कोळशाच्या वाटीवर तर ते बसूनच राहिलं आणि पांढऱ्या फरशीवर काळे पाय उठवून गेलं.

नाक नसलं तरी मला हात आहेत. आतल्या भिंतीवरून हात फिरवला की बोटांना ओशट लागायचं. साबणानं ते जात नव्हतं, नुसतं पसरत होतं. कशानं जाईल म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे बघत होतो, तर वरच्या फळीवर गोदाचा शिकेकाईचा डबा सापडला, काठोकाठ भरलेला. दर उन्हाळ्यात ती शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा आणि संत्र्याच्या साली वाळवून दळून आणायची. आता तो वापरणारं कुणी नव्हतं. वैजू शाम्पू लावते. मी विचार केला, डोक्याचं तेल निघतं तर याचंही निघेल. ती उकळायची तशी मोठ्या पातेल्यात उकळली, निवू दिली आणि नारळाच्या शेंडीनं सगळा फ्रीज घासला. रबरात भरली, ट्रेमध्ये भरली, कोपऱ्यांत लगदा थापला आणि दार लावून ठेवला.

दोन-तीन दिवसांनी लगदा काढून कोरड्या फडक्यानं पुसला. हात फिरवला, बोटं कुरकुरली. ओशटपणा गेला होता. मांजर आलं, आत डोकं घातलं, शिंकलं आणि निघून गेलं. परत आलं नाही.

मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात गुरुजी आले. मी म्हणालो, बघा जरा. त्यांनी नेहमीसारखा श्वास भरला, आत वाकले. आत असताना त्यांचा श्वास सुटला असावा, कारण या वेळी छाती हलली. ते बाहेर आले तेव्हा छान म्हणाले नाहीत. चहा नको म्हणून हातानं सांगितलं आणि घरी गेले. दुपारी मालनबाई फाटकातून आत आल्या, पहिल्यांदाच. त्या वाकल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पदर तोंडाला लावला म्हणजे काय हे मी आता शिकलो होतो. मी पुन्हा शिकेकाई उकळली.

रविवारी वैजू आली. तिनं येताच फ्रीज उघडला, कारण मी फोनवर सांगितलं होतं की जवळजवळ झालंय. ती त्याच्यासमोर खाली बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो तर तिनंही ओढणी तोंडावर धरली होती. मी विचारलं, फार येतोय का. तिनं मान हलवली. मला ती होय वाटली. ती गेल्यावर मी उरलेला डबा सगळा उकळला आणि पुन्हा घासला. मालनबाई म्हणाल्या, भाऊ, पुरे करा आता. त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. त्या फाटकाबाहेरून काय काय म्हणत आल्या होत्या ते मला ठाऊक होतं.

आता माझी सगळी भिस्त रतनवर होती. महिना भरल्यावर गोदाच्या नावानं घास घालायचा होता, त्याला ती येणार होती. तिच्याकडून तरी खरं कळेल, म्हणून मी फ्रीज पुसून ओसरीत जागेवर नेला, स्टँडवर चढवला, कप्पे लावले. दिसायला नवा दिसत होता. प्लग तेवढा लावला नाही. तिनं पास केल्यावर लावू म्हटलं.

ती आली, काठी भिंतीला टेकवली, पाणीही घेतलं नाही. मी दार उघडलं. तिनं डोकं आत घातलं आणि तसंच ठेवलं. मी बाजूनं तिच्या नाकपुड्या बघत होतो. त्या हलत होत्या.

"वास येतोय, दाजी," ती आतूनच म्हणाली.

मी बादली उचलली. विचारलं, बोंबलाचा का मटणाचा?

"ताईचा."

मला वाटलं, फ्रीजमध्ये आवाज घुमतो, नीट ऐकू आलं नसेल. मी विचारलं, कुणाचा?

"ताई न्हाऊन उन्हात बसायची बघा, केस मोकळे सोडून. तसला," रतन म्हणाली. "काय लावलंय ह्याला?"

मी सांगितलं, शिकेकाई. तिचे खांदे हलायला लागले. पदर खांद्यावरच होता.

मी बादली खाली ठेवली. गुरुजी, मालनबाई, वैजू, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मग मी तो वास आठवून बघितला. लग्न झालं तेव्हा माझं नाक चांगलं होतं. पहिली काही वर्षं ती न्हाऊन शेजारून गेली असेल तेव्हा मला तो आला असणार. मी बराच वेळ आठवलं. ती केस झटकायची ते आठवलं, अंगणातल्या फरशीवर पाण्याचे थेंब पडायचे ते आठवलं. वास आठवला नाही. मी रतनला विचारलं, कसा असतो? तिनं सांगायचा प्रयत्न केला. ओल्या केसांचा, म्हणाली. जरा आंबट. जरा मातीसारखा. मग म्हणाली, आता वास कसा सांगणार, दाजी.

ती बाजूला सरकली. मी तिच्या शेजारी वाकलो, डोकं आत घातलं आणि नाक ओढलं. पुन्हा ओढलं. पांढरा पत्रा होता, स्वच्छ.

"दार लावा," रतन म्हणाली. "उडून जाईल."

मी दार लावलं.

याला बरीच वर्षं झाली. फ्रीज ओसरीतच आहे. वैजू आली की एकदा उघडते, थोडा वेळ उभी राहते आणि लावते. रतन दिवाळीनंतर येते. ती डोकं आत घालते तेव्हा मी मागं उभा असतो आणि विचारतो, आहे का. ती म्हणते, आहे. रतन खोटं बोलत नाही. मागच्या खेपेला मात्र तिनं उत्तर द्यायला वेळ लावला.

मी प्लग लावलेला नाही. गारठ्यात वास मरतो, असं रतन म्हणते. आत काही ठेवतही नाही, दूध मी अजून दोन वेळा तापवतो. गोदाला वास नसलेला फ्रीज हवा होता, ते मला माहीत आहे. शिकेकाईनंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवला की काम पुरं होतं. तो हात फिरवायचा राहिला आहे.